औषधं देवापुढेच राहिली

बोटीवरच्या दुसऱ्या सकाळी आठ वाजता नवऱ्याची गोळी काढायला मी बॅगेत हात घातला, तर औषधांची पिशवी हाताला लागली नाही. बॅग उलटी केली. दुसरी बॅग उलटी केली. उशीखाली, टॉवेलात, बुटांच्या पिशवीत, सगळीकडे पाहिलं. प्रवासापुरत्या तीन गोळ्या मी पर्समधल्या छोट्या डबीत वेगळ्या ठेवल्या होत्या आणि तिसरी काल दिली होती. डबी रिकामी होती. बाहेर वारा शिट्टी वाजवत होता आणि आमची चिमुकली शिडाची बोट नांगराच्या साखळीला हिसके देत होती.

आठ महिन्यांपूर्वी सुहासच्या हृदयात स्टेंट घातला. सिंगापूरच्या डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी देताना एकच गोष्ट बजावली होती. बाकीच्या गोळ्या इकडेतिकडे झाल्या तरी चालेल, रक्त पातळ ठेवणारी ही गोळी वर्षभर एक दिवसही चुकवायची नाही. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर वेळ मिळत नाही, असं ते म्हणाले होते. आणि आम्ही ग्रीसमधल्या एका बेटाच्या मागच्या अंगाला, ज्या खाडीत एकही दुकान नाही अशा ठिकाणी नांगरून पडलो होतो.

मी सिंगापुरातच, वन-नॉर्थ भागात, एका प्रयोगशाळेत गुणवत्ता तपासणीचं काम बघते. दुसऱ्यांनी केलेल्या कामाच्या याद्या तपासणं हाच माझा वीस वर्षांचा धंदा. या सहलीचीही यादी केली होती. सुहासला कॉलेजपासून शिडाच्या बोटीतून बेटं बघायची होती. हॉस्पिटलमधून घरी आल्यावर त्यानं ती इच्छा पुन्हा बोलून दाखवली नाही, म्हणूनच मी बोट ठरवली, चालवणाऱ्या कप्तानासकट. यादीत ‘औषधं’ या शब्दापुढे खूण होती. ती खूण खोटी नव्हती. पिशवी मी बॅगेत खरंच भरली होती.

मग निघायच्या आदल्या संध्याकाळी नाशिकहून सासूबाईंचा फोन आला. “अगं, औषधांची पिशवी देवापुढे ठेव रात्रभर. कुंकू लाव तिला. सकाळी नमस्कार करून उचल.”

“आई, भरून झालीय बॅग.”

“मग उघड. बॅग काय सीलबंद केलीयस?”

वाद घालण्यापेक्षा ऐकणं लवकर होतं, म्हणून मी पिशवी काढली, देव्हाऱ्यापुढे ठेवली, कुंकवाचं बोट लावलं. आमचा देव्हारा म्हणजे क्लेमेंटीच्या फ्लॅटमधल्या पुस्तकांच्या कपाटाचा वरचा खण. पूजा मी रोज करते, पण खरं सांगायचं तर भांडी विसळावीत तशी करते. पाच मिनिटं, दिवा, उदबत्ती, झालं. मागण्यासारखं काही सुचत नाही आणि मागून मिळतं यावर माझा फारसा विश्वासही नव्हता. सुहास ऑपरेशनच्या टेबलावर होता तेव्हासुद्धा मी विम्याचे कागद भरत बसले होते. सकाळी टॅक्सी आली, दह्याचा चमचा हातावर घेतला, निघालो. यादी पुन्हा वाचली, खूण होती. पिशवी देवापुढेच राहिली.

ईराला फोन लावला. आमची मुलगी, विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला. तिकडे दुपारचा एक वाजला होता. कॅमेरा देव्हाऱ्याकडे फिरवत ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, “आई, इट्स हिअर लाह. बाप्पासमोर. विथ कुंकू सम मोर.” मग माझा चेहरा पाहून तिचा आवाज बदलला. दहा मिनिटांत तिनं क्लिनिकला फोन करून परत सांगितलं: बाकीच्या गोळ्या दोनतीन दिवस नसल्या तरी चालेल, ही मात्र आजच हवी. हे मला माहीत होतं. तरी दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर मी तडक कप्तानांकडे धावले.

आमचे कप्तान यानिस साठीचे. बोलणं कमी, हात लाकडासारखे. पहिल्या दिवशी मी त्यांना आठ दिवसांचं छापलेलं वेळापत्रक दिलं, प्लॅस्टिकचं आवरण घातलेलं. त्यांनी ते दोन्ही बाजूंनी नीट पाहिलं, छान आहे म्हणाले आणि गरम कॉफीच्या भांड्याखाली ठेवलं. “बाई, हे वाऱ्यानं वाचलंय का?” असं त्यांनी विचारलं तेव्हा सुहास इतका हसला की मला रागच आला. पण तो माणूस काम करताना मी पाहिला होता आणि कामाची पारख मला आहे. शीड चढवताना एक दोर जास्त ओढला नाही, एक शब्द मोठ्यानं बोलला नाही. निळं पाणी, पांढरे कडे, त्यामधून बोट अशी सरकत होती की इंजिन बंद आहे हे मला पाच मिनिटांनी कळलं. आदल्या दुपारी आभाळात एकही ढग नसताना त्यांनी वर पाहिलं आणि वेळापत्रकातलं गाव सोडून या खाडीत बोट आणली. मी हरकत घेतली होती. संध्याकाळी बाहेरच्या समुद्रावर पांढरा फेस धावताना दिसला तेव्हा मी हरकत मागे घेतली. उन्हाळ्यात तिथे उत्तरेकडून मोठा वारा सुटतो, कधी दोन दिवस, कधी पाच.

आता मी त्यांना सगळं सांगितलं आणि बोट काढा म्हणाले. औषधाचं दुकान समोरच्या मोठ्या बेटावर होतं, शांत समुद्रात दोन तासांवर. त्यांनी मान हलवली. “काढली तर गोळीची गरजच उरणार नाही, कुणालाच.” मग बंदराला रेडिओवरून विचारलं. फेऱ्या बंद होत्या. छातीत दुखू लागलं तर हेलिकॉप्टर पाठवू, एरवी वारा पडेपर्यंत थांबा, असा निरोप आला. सुहास हे सगळं ऐकत बसला होता. “अगं, बरा आहे मी,” तो म्हणाला, “उगाच त्यांना त्रास नको.” त्याचा चेहरा मात्र त्याच्या वाक्याबरोबर नव्हता.

टेकडीवर एक पांढरं घर दिसत होतं, शेजारी खोलीएवढं प्रार्थनामंदिर. तिथे एक म्हातारी एकटी राहते, यानिस तिला ‘थिया’ म्हणत, म्हणजे मावशी. बेटाच्या पलीकडच्या वाडीत आठवड्यातून दोनदा परिचारिका येते, ती आज आहे का हे थियाला माहीत असेल, असं ते म्हणाले. पण स्वतः येणार नव्हते. असल्या वाऱ्यात नांगर सुटू शकतो, बोट आणि तिच्यातला माणूस सोडून मी हलणार नाही, हे त्यांनी एका वाक्यात सांगितलं. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. त्यांनी ग्रीक भाषेत चिठ्ठी लिहिली आणि रबरी होडीतून मला किनाऱ्याला सोडून लगेच बोटीवर परतले.

ती चढण वीस मिनिटांची असेल. वारा अंगावर येत होता, दोनदा खाली बसून पुढे सरकावं लागलं. काटेरी झुडपांना ओव्यासारखा वास होता, शेळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी आयुष्यात प्रथमच अशा ठिकाणी होते जिथे माझ्या हातात करण्यासारखं काही नव्हतं. फोन करून झाले होते, रेडिओ झाला होता, यादी खोटी ठरली होती. हातात चिठ्ठी होती आणि तीही मला वाचता येत नव्हती. चढता चढता मी कधी बोलायला लागले ते कळलं नाही. नवस नाही, स्तोत्र नाही. नळवाल्याशी बोलावं तसं म्हणाले, “हे बघ, माझ्याकडून झालं तेवढं केलं. आता तू बघ.” एवढंच. बोलल्यावर लाज वाटली आणि पाय हलके झाले. दोन्ही खरं आहे.

थिया दारातच उभी होती, काळ्या झग्यात, माझ्या खांद्याएवढी. चिठ्ठी वाचून तिनं भुवया वर केल्या आणि जीभ टाळूला लावून ‘च्’ केलं. तिथे त्याचा अर्थ नाही असा होतो, हे यानिसनी बजावून ठेवलं होतं. परिचारिका नव्हती. तिनं मला आत ओढून खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. मी फोनमधला डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो उघडून दाखवला, छातीवर हात ठेवला, खाली बोटीकडे बोट दाखवलं. ती चष्मा लावून वाचू लागली आणि मी, रडू येऊ नये म्हणून, समोरच्या भिंतीकडे बघत राहिले.

भिंतीच्या कोपऱ्यात फळी होती. फळीवर तिच्या देवाची जुनी तसबीर, समोर लाल काचेचा दिवा. दिवा विझलेला होता. आणि दिव्याशेजारी, तसबिरीला अगदी टेकवून, औषधाचं एक छोटं खोकं ठेवलेलं होतं.

मी बघते आहे हे तिनं पाहिलं. ती उठली, तसबिरीपुढे हात छातीशी नेऊन पुटपुटली आणि ते खोकं माझ्या फोनशेजारी आणून ठेवलं. वर ग्रीक अक्षरं होती, खाली इंग्रजी. मी एकेक अक्षर बोटानं जुळवलं. औषध तेच. ताकद तीच. विश्वास बसेना म्हणून फोटो काढून ईराला पाठवला. तिनं क्लिनिकला विचारून उत्तर दिलं, “सेम सेम, आई. गिव्ह हिम नाऊ!”

मी चमत्कार म्हणत नाही. त्या वयाच्या किती माणसांच्या घरात ही गोळी असते ते मला कळतं. थियाच्याही हृदयात दोन हिवाळ्यांपूर्वी स्टेंट बसला होता, हे यानिसना पुढे तिच्याकडूनच कळलं. मी फक्त जे पाहिलं ते लिहिते आहे. खोक्यातल्या पाकिटात सहा गोळ्या होत्या. तिची औषधं आणणारी बोटही वारा पडल्याशिवाय येणार नव्हती. तिनं शिवणाची कात्री घेतली, पाकीट मधोमध कापलं, तीन माझ्या तळहातावर ठेवल्या आणि माझी मूठ स्वतःच्या हातांनी मिटली. बरोबर निम्म्या. तिनं एक क्षण विचार केला नाही. वीस वर्षांत मी नीट केलेली पुष्कळ कामं पाहिली आहेत, पण इतकं नीट केलेलं काम आठवत नाही.

मला काहीतरी द्यायचं होतं. तिनं पुन्हा ‘च्’ केलं. मग विझलेल्या दिव्याकडे पाहून उसासा टाकला, एक रिकामी डबी उपडी करून दाखवली आणि समुद्राकडे हात केला. मला कळलं. वाती संपल्या होत्या. त्याही त्याच बोटीनं येणार होत्या.

वाती! लहानपणी चातुर्मासात आई आम्हा दोघी बहिणींना समोर बसवून वाती वळायला लावायची. मला त्या कामाचा मनापासून कंटाळा. पण हात विसरत नाहीत. मी खुणेनं कापूस मागितला, तिच्याकडे औषधपाण्याचा होता. चिमूटभर कापूस तळहातावर पसरला, कडा गोळा केल्या, बोटांनी पीळ देऊन शेंडी वळली आणि फुलवात तेलात भिजवून तिच्या दिव्यातल्या, तेलावर तरंगणाऱ्या बुचाच्या चकतीत बसवली. थिया वाकून बघत होती. काडी ओढली, ज्योत सरळ उभी राहिली, तेव्हा तिनं माझे दोन्ही गाल धरून खणखणीत मुका घेतला. मी आणखी डझनभर वाती वळून तिच्या डबीत भरल्या. बाराव्या वातीपर्यंत तिची स्वतःचीही एक जमली, जरा वाकडी.

दहाच्या आत सुहासनं गोळी घेतली. यानिसनी कॉफीचं भांडं उचललं, खालचं वेळापत्रक पुसलं आणि मला परत दिलं. मीच ते पुन्हा भांड्याखाली ठेवलं.

वारा तिसऱ्या दिवशी पहाटे पडला. तिसरी गोळी त्याच सकाळी संपली आणि दुपारपर्यंत आम्ही औषधाच्या दुकानात होतो. यानिसनी पुढच्या फेरीत थियाला नवं पाकीट पोचवलं. नंतर त्यांनी पाठवलेल्या फोटोत पाकीट तसबिरीपुढेच आहे आणि दिव्यात वाकडी फुलवात जळते आहे. त्या वादळी दोन दिवसांत आम्ही कुठेच गेलो नाही. एकाच खाडीत बसून सकाळचा डोंगर, दुपारचा डोंगर आणि संध्याकाळचा डोंगर पाहिला. सुहास म्हणतो, सहलीतले तेच सगळ्यात चांगले दिवस. मला ते मान्य करावं लागतं.

क्लेमेंटीला परतल्यावर सासूबाईंना फोन केला. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, “तरी मी सांगत होते, देवापुढे ठेव म्हणून.”

“आई, देवापुढे ठेवली म्हणून तर राहिली ना पिशवी!”

“राहिली ना? मग गोळ्या मिळाल्या कुठं?”

“देवापुढेच,” मी म्हणाले. विजय मिळाल्यावरही न बोलण्याचा मोठेपणा त्यांनी माझ्याशी प्रथमच दाखवला.

याद्या मी अजून करते, त्या सोडणार नाही. नांगर नीट टाकणं आपलंच काम असतं. यानिसही तो स्वतःच्या हातानं टाकत, दोनदा ओढून पाहत, आणि मगच वाऱ्याकडे पाठ करून कॉफी प्यायला बसत. मला ते पाठ करून बसणं कधी जमलं नव्हतं. हल्ली सकाळी दिवा लावल्यावर थोडी थांबते. मागायला अजूनही काही सुचत नाही. पण त्या टेकडीवर, वारा पडायच्या आत, माझ्या हातात तीन गोळ्या ठेवणाऱ्या त्या हाताची आठवण येते आणि नमस्कार करताना मान आपोआप खाली जाते. औषधांची पिशवी आता देवापुढेच असते. कुंकवाचा डाग मी धुतलेला नाही.