ढालीच्या वर्षीचा उपास

तवनाप्पा मगदुमांच्या घरची चूल दिवसाउजेडी विझायची. जैनांच्या घरी ती तशीच विझते, त्यात नवल नाही. दिवस मावळला की अन्न नाही, पाणीही नाही. नवल असलंच तर एवढंच, की चूल विझल्यावर त्या घरात दुसरं काहीच होत नसे. बायको, ब्राह्मी, जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलती मुलगी चंदना निपाणीच्या बाजूला दिलेली. स्वतः तवनाप्पा निपाणीच्या एका तंबाखूवाल्याच्या बेळगावातल्या वखारीवर दिवाणजी होते. जेवण आटोपून बसलेल्या माणसापुढे उरलेली संध्याकाळ किती लांब पसरते, हे रात्री जेवणाऱ्यांना कळायचं नाही. त्यांना मध्ये एक काम असतं.

त्यांची खोली आणि माझी खोली यांच्यामध्ये कुडाची भिंत होती. शेजाऱ्यांचं भांडण ऐकू येतं अशी तक्रार लोक करतात. मला तवनाप्पांच्या घरातली शांतता ऐकू यायची.

फुटबॉलशी त्यांचा संबंध आला तो पावसामुळे. वखारीतून घरी येताना वाटेत कॉलेजचं मैदान लागायचं. एकदा सर आली म्हणून ते कडेच्या चिंचेखाली थांबले. सर गेली, तवनाप्पा थांबलेच. पुढं ते रोज थांबू लागले. कॅम्पातल्या गोऱ्या पलटणींनी हा खेळ गावात आणलेला, आणि कॉलेजची पोरं तो अनवाणी खेळायची. तवनाप्पांना त्यातलं बरंच कळत नसे. ऑफसाइड हा साहेबाचा एखादा रिवाज असावा, काट्याचमच्यासारखा, असं समजून त्यांनी तो न कळता मान्य केला होता. फक्त ओरडायची अडचण होती. सगळं मैदान 'मार, मार' म्हणून ओरडायचं. तवनाप्पांच्या तोंडी हा शब्द उभ्या जन्मात आला नव्हता, ढेकणाच्या बाबतीतही नाही. ते 'घाल रं, घाल!' म्हणायचे, आणि तेही स्वतःला ऐकू येईल इतपतच.

अडतीस साली ढालीच्या सामन्यांना तोंड लागलं. आसपासच्या जिल्ह्यांतल्या कॉलेजांनी मिळून ही बक्षिसाची ढाल ठेवली होती आणि आमच्या कॉलेजानं ती आजवर फक्त लांबून पाहिली होती. सामने पाचला सुरू व्हायचे. वखार पाचलाच सुटायची. म्हणजे तवनाप्पांपुढे सरळ हिशेब होता. घरी जाऊन चूल पेटवली तर सामना गेला, सामना पाहिला तर जेवण गेलं. बाहेरचं ते खात नसत, न गाळलेलं पाणी पीत नसत. पहिल्या सामन्याला त्यांनी जेवण जाऊ दिलं.

सामना आपल्या पोरांनी जिंकला. कप्तान परशराम हा जांबोटीकडच्या रानातला, शेतकऱ्याचा पोर, डाव्या पायाचा. अंधार पडताना सगळी चिंचेखाली जमून भाजक्या शेंगा खात होती. परशरामनं मूठभर शेंगा पुढं केल्या.

"घ्या आप्पा. रोज बघताय आमाला, आज जिकलो की."

"नको बाळ. आज आता काय खायाचं न्हाई."

"का ओ? कवा जेवलासा?"

"सकाळी."

"तवापास्नं पाणी सुदीक न्हाय?"

"न्हाई."

परशरामचा हात तसाच राहिला. जांबोटीकडे जैनांची वस्ती नाही. कॉलेजात चार वर्षं काढूनही तो गावात कुणाच्या घरी गेलेला नव्हता, तेव्हा कुठली चूल कधी विझते हे त्याला कोण सांगणार? त्याच्या गावी माणूस दिवसभर उपाशी राहिला तर त्याला एकच अर्थ असायचा.

"उपास धरलाय? आमच्यासाठी?"

तवनाप्पांनी इथं खरं सांगायला हवं होतं. वाक्य लहानच होतं. पण 'कवा जेवलासा' हे त्यांना ब्राह्मीनंतर कुणी विचारलं नव्हतं. ते नुसते हसले, आणि हसण्याचा अर्थ ज्याचा त्यानं लावला.

दुसऱ्या सामन्याच्या आधी सगळी टीम चिंचेखाली आली. गोलकीपर भरमा पुढं होता.

"आप्पा, उपास हाय न्हवं?"

"सकाळधरनं काय न्हाई पोटात."

हे अक्षरशः खरं होतं. तवनाप्पा खोटं बोलत नसत, एवढंच की खरं ते नेमकं मापून द्यायचे. वखारीत मुरलेली सवय.

दुसरा सामना जिंकला, तिसराही जिंकला. भरमा तर सांगत सुटला, "आप्पांनी घोटभर पाणी पिलं तर मी गोल खाल्ला म्हणून समजा." खेळ चालू असताना मध्येच तो गोल सोडून चिंचेकडे बघायचा, म्हातारा काही चघळतो की काय म्हणून. तवनाप्पांना बसायला आता एक मोडकी खुर्ची आली. जिंकल्यावर पोरं आधी त्यांच्या पाया पडायची, मग शेंगांवर. परत येताना परशराम गल्लीच्या तोंडापर्यंत सोबत यायचा आणि विचारायचा, "लई भूक लागली असंल न्हवं?" भिंतीपलीकडची शांतता त्या दिवसांत थोडी कमी झाली. एकदा तर मला शीळ ऐकू आली. मी ती पाखराची समजलो.

शेवटचा सामना धारवाडकडच्या टीमशी ठरला, रविवारी. बक्षीस द्यायला येणाऱ्या साहेबाला संध्याकाळी चहाचं बोलावणं होतं, म्हणून सामना तीनला घ्यायचा ठरला. गावात कुणाला त्याचं काही वाटलं नाही. तवनाप्पांनी पुन्हा हिशेब मांडला. रविवारी वखार बंद. सामना साडेचारला सुटणार. त्यानंतर घरी येऊन, चूल पेटवून, सावकाश जेवून वर हात वाळवण्याइतका दिवस शिल्लक राहणार होता. म्हणजे नेमक्या ढालीच्या दिवशी उपास नव्हता.

शनिवारी दिवस मावळायच्या आत जेवून ते बस्तीत, म्हणजे जैनांच्या देवळात, गेले. तिथल्या उपाध्यांपुढे उभे राहिले आणि दुसऱ्या दिवशीच्या उपासाचा नियम मागितला. असा नियम घेतला की परवाच्या सकाळपर्यंत अन्न नाही, पाण्याचा थेंबही नाही.

"उद्या कुठलं पर्व?" उपाध्ये म्हणाले.

"पर्व न्हाई. आपलं असंच."

"काय मागून तर करत न्हाई न्हवं? मागून केलेल्या उपासाचं पुण्य लागत न्हाई, आप्पा. म्हायत हाय तुमाला."

"म्हायत हाय," तवनाप्पा म्हणाले. उपाध्यांनी नियम दिला. पुण्य जमेला लागणार नाही हे ठाऊक असून तवनाप्पांनी आयुष्यात केलेला हा पहिलाच व्यवहार.

रविवारी ऊन कडक पडलं. टीम चिंचेखाली आली.

"आप्पा, उपास हाय न्हवं?"

"हाय," तवनाप्पा म्हणाले, इतक्या मोठ्यानं की भरमा दचकला.

एकेक गोल झाला होता आणि वेळ संपत आली होती. परशरामला डाव्या पायावर चेंडू मिळाला. समोर फक्त गोलकीपर. मैदान श्वास धरून गप्प झालं आणि त्या गप्पात एकच आवाज आला, "मार रं! मार!" लोकांनी वळून पाहिलं. खुर्चीतून उठून तवनाप्पा उभे होते, ओठ कोरडे, आणि आपणच बोललो हे त्यांना अजून उमगलेलं नव्हतं.

परशरामनं मारला.

पुढं जे झालं ते कुठल्याही गावात होतं तसंच. साहेबानं ढाल दिली, पोरांनी ती डोक्यावर घेतली, कुणीतरी हलगी आणली, कुणीतरी लॉरी. सगळं मैदान लॉरीच्या मागं कॅम्पाच्या रस्त्यानं गेलं. चिंचेखाली खुर्ची राहिली आणि तवनाप्पा राहिले. खुर्ची परत कुणाकडे द्यायची हे त्यांना माहीत नव्हतं, म्हणून ती त्यांनी झाडाला टेकवून ठेवली.

घरी आले तेव्हा चांगलं ऊन होतं. अख्ख्या मोसमातला हा एकच सामन्याचा दिवस, जेव्हा जेवायला वेळ होता. ते उंबऱ्याशी बसले आणि ऊन उतरताना बघत राहिले. चूल थंड होती. मी "काय झालं?" म्हणून विचारलं तर "ढाल आली" म्हणाले. घसा इतका वाळलेला, की पुढचं मी विचारलं नाही.

दिवेलागणीला परशराम आला, हातात केळ्यांची फणी. मधली भिंत कुडाची आहे हे मी वर सांगितलंच आहे.

"आप्पा, इसरलोच बघा दंग्यात! घ्या, उपास सोडा."

"दिवस मावळला, बाळ."

"मग? उपासाला केळं चालतंय की."

"आमच्यात न्हाई चालत. आमच्यात दिवस मावळल्यावर कोणच काय खात न्हाई. उपास असो, नसो."

परशराम रानातला असला तरी बी.ए.ला बसलेला होता. थोडा वेळ लागला, पण बेरीज जमली.

"म्हंजे… आदीच्या मॅचींना?"

"आदीच्या मॅची उशिरा सुटायच्या."

"मग आमच्यासाठी न्हवता उपास?"

"न्हवता." मग, हळूच, "आज धरला. आजचा खरा हाय."

पण परशरामच्या कानांपर्यंत तेवढं गेलं नसावं. तो हसायला लागला होता. मोठ्यानं, जीव हलका झाल्यासारखा.

"आयला! म्हंजे सगळ्या मॅची आमी आमच्या जिवावर जिकल्या की ओ आप्पा! ह्यो भरमा गोल सोडून चिंचंकडं बघत हुता! थांबा, सांगून येतो समद्यास्नी."

तो वाकून पाया पडला, केळी उंबऱ्यावर ठेवली आणि धावत गेला. परत यायचं त्याच्या मनात असणारच. पण त्या दंग्यात ते राहिलं, परीक्षेत राहिलं, आणि पुढं तो जांबोटीला गेला, जिथून बेळगाव लांब आहे.

भिंतीपलीकडे बराच वेळ काही झालं नाही. सकाळी ऊन अंगणात आल्यावर तवनाप्पांनी पाणी गाळलं, तापवलं, आणि फणीतलं एक केळं खाल्लं. उरलेली माझ्याकडे दिली.

पुढच्या पावसाळ्यात सामने पुन्हा पाचला सुरू झाले. टीम नवी होती, चिंच तीच. पहिल्या दिवशी तवनाप्पा अंधार पडल्यावर आले, कडी काढली, दिवा लावला. चुलीकडे जायचं काही कारण नव्हतं.

"आप्पा, काय झालं मॅचचं?" मी भिंतीआडून विचारलं.

"जिंकली पोरं," ते म्हणाले. मग दिवा बारीक केल्यावर म्हणाले, "आपल्या जिवावर."