गोठ्यातल्या सर्फबोर्डावरची माशी

आमच्या गोठ्यातली शेवटची म्हैस गेली आणि तिच्या जागी सर्फबोर्ड आला.

पुण्याजवळच्या आमच्या माण गावात गोठा रिकामा होणं यात नवल काही नाही. जमिनी कंपन्यांच्या इमारतींखाली गेल्या, उरलेल्या तुकड्यावर आम्ही खोल्या बांधल्या आणि त्या खोल्यांत कंपन्यांतलीच पोरं-पोरी भाड्याने राहतात. रिकाम्या गोठ्यात कुणी झेरॉक्सचं दुकान टाकतो, कुणी जिम काढतो. आमच्या गोठ्यात माझी मुलगी अनुजा समुद्राच्या लाटेवर उभं राहायची फळी बनवत होती. समुद्र आमच्यापासून ताम्हिणी घाट उतरून चार तासांवर आहे. (रस्ता चांगला असेल तर. म्हणजे पाच तास.)

हे खूळ आलं ते भाडेकरू मुलींमुळे. त्यांच्याबरोबर अनु कोकणात सहलीला गेली आणि परत आली ती उडतच.

"पप्पा, मी लाटेवर उभी राहिले!"

"किती वेळ?"

"तीन सेकंद!"

मी "छान" म्हणालो आणि विषय संपला असं समजलो. पण त्या तीन सेकंदांपायी पोरीने पुढचे चार महिने गोठ्यात काढले. फोमचा ठोकळा आणून तासला, त्यावर काचेच्या धाग्याचं कापड चढवलं, कापडावर वाळून काचेसारखं कडक होणारं रेझिन ओतलं. कॉलेजचं शेवटचं वर्ष सांभाळून हे सगळं. कारण त्या किनाऱ्यावर एक मास्तर होते, ते सर्फबोर्ड बनवायला शिकवतात आणि वर्षाला एकच विद्यार्थी घेतात. त्यांची अट एकच होती. पहिला बोर्ड स्वतःच्या हाताने बनवून आणायचा, अगदी चकचकीत होईपर्यंत. दुसऱ्या कुणाचा हात लागला की मास्तरांना बोटांनीच कळतं म्हणे, आणि मग ते बोर्डासकट माणूस परत पाठवतात. रविवारी सकाळी दहाला अनुने बोर्ड घेऊन हजर व्हायचं होतं.

आमच्या आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे काही केल्या पटत नव्हतं. आबा तरुणपणी पैलवान. उभं राहायचं ते मातीत, हे त्यांचं ठाम मत.

"आमी पोरांना पवायला शिकीवलं ते आडवं पडून. आन् ही पान्यात हुभी ऱ्हानार म्हंती!"

"आबा, तोल सांभाळायचा असतो," अनु म्हणाली.

"आन् पडलीस म्हंजी?"

"मग पोहायचं."

"मंग आदीच पव की!"

गुरुवारी अनु शेवटच्या दोन पेपरांसाठी पुण्याला मैत्रिणीकडे निघाली. बोर्डाचा शेवटचा थर वाळून कडक झाला होता. शनिवारी येऊन फक्त घासायचं आणि पॉलिश करायचं बाकी होतं. गोठ्याच्या भिंतीवर तिने स्वतःसाठी कागद चिकटवला होता. 'एक, पाणी लावत राहा. दोन, कडेला हलका हात. तीन, आधी चारशे, मग हजार, मग दीड हजार. चार, पॉलिश. पाच, पप्पांना आत सोडू नका.'

"हे पाचवं कशाला?" मी विचारलं.

"पप्पा, बोर्डाला हात लावायचा नाही."

"मी कशाला लावू?"

"मिक्सरला लावला होता."

"तो आधीच बिघडलेला—"

"गिझरला लावला होता."

स्वयंपाकघरातून बायकोचा, सुनंदाचा, आवाज आला. "बोअरच्या मोटरीचं पन सांग त्यांना!"

आता खरं सांगतो, शुक्रवारी सकाळी मी गोठ्यात गेलो तो फक्त बघायला. पोरगी चार महिने खपली होती, चार महिने तिच्या हातांना काचेच्या भुशाची खाज होती आणि तिने एकदाही हूं की चूं केलं नव्हतं. मला तिचा अभिमान वाटत होता, आणि अभिमान वाटला की माझे हात शिवशिवतात. हा माझा जुना आजार आहे. तेवढ्यात मला ती दिसली. माशी!

बोर्डाच्या मागच्या टोकाला, म्हणजे शेपटाकडच्या कडेला, शेवटच्या पारदर्शक थरात, पंख पसरून अगदी आरामात अडकलेली एक माशी. म्हैस गेल्याचं माशांना कुणी कळवलं नसावं.

त्या मास्तरांनी ही माशी पाहिली तर? चार महिन्यांची मेहनत एका माशीपायी पाण्यात! (सर्फबोर्डाच्या बाबतीत हे बरोबरच, पण तुम्हाला माझं दुःख कळलं असेल.) मी ठरवलं की हळूच माशी तेवढी काढायची आणि गुपचूप बाहेर यायचं. अनुला पत्ताही लागणार नाही.

भिंतीतल्या फळीवर घासायचे कागद नीट मांडलेले होते. मागे नंबर छापलेले. ऐंशी, चारशे, हजार, दीड हजार. आता ज्याचा जन्म विहिरीवर मोटरी बसवण्यात गेला त्याला नंबर शिकवायची गरज नाही. तीन एचपीची मोटर पाणी हळू ओढते, साडेसातची धो धो ओढते. आकडा लहान तेवढा जोर कमी. दीड हजार नंबरच्या कागदाने तर बोर्डाचा भुगाच झाला असता! आपलं काम नाजूक, म्हणून मी सगळ्यात नाजूक कागद निवडला. ऐंशी.

बोटाला तो जरा खरखरीत लागला, नाही असं नाही. पण नाजूक वस्तूही कधी कधी हाताला खरखरीत लागतात, अशी मी स्वतःची समजूत घातली. (अशी वस्तू कोणती, ते मला अजून आठवलेलं नाही.)

पहिल्या चार हातांत माशी गेली. सोबत चकाकीही गेली आणि त्या जागी मांजराने ओरबाडावं तसे ओरखडे आले. ओरखडे घालवायला मी आणखी घासलं. ओरखडे वाढले. त्यांच्या बाजूची जागा एकसारखी दिसावी म्हणून तीही घासली. आधी माशीएवढी असलेली जागा आता भाकरीएवढी झाली होती. तेवढ्यात दारात आबा.

"काय करतुयास रं, दत्ता?"

"माशी काढतुया, आबा."

"कुटं हाय माशी?"

"गेली."

"मंग आता काय काढतुयास?"

मी खाली पाहिलं. रेझिन संपून आतलं कापड वर आलं होतं. त्याची उभी-आडवी वीण स्पष्ट मोजता येत होती.

सुनंदा धावत आली. तिने पदर तोंडाला लावला, माझ्याकडे पाहिलं आणि भिंतीवरचा पाचवा नियम मोठ्याने वाचून दाखवला. मग ती घरात गेली आणि नेलपॉलिशची बाटली घेऊन आली.

"हे लावू. वाळलं की चकाकतंय बगा."

"अगं, हे लाल आहे!"

"बिनरंगाचं कोन ठिवतंय घरात? हलू नका."

दहा मिनिटांत बोर्ड चकाकला हे खरं, पण अपघात झाल्यासारखा दिसू लागला. आबांनी हळद दाबायची सूचना केली. सवयीने म्हणाले असतील.

अशा वेळी माणसाला एकच आधार असतो, तो म्हणजे पौड रस्त्यावरचा पेंटर. हा टेम्पो, ट्रॅक्टर आणि पाण्याचे टँकर रंगवतो. मी त्याला बोलावून घेतलं आणि सांगितलं की या लाल डागावर छोटंसं फूल काढ. तो बोर्डाभोवती दोन फेऱ्या मारून आला.

"गाडी कुठली ही, भाऊ?"

"गाडी नाही रे. समुद्रात चालते."

"चालती ना? मंग लिवावं लागंल. बिन लिवल्याली गाडी आपन हातावेगळी करत न्हाई. काय लिवू?"

मी तोंड उघडायच्या आत आबा म्हणाले, "आबांचा आशीर्वाद!"

आता वडिलांच्या तोंडावर, आशीर्वाद नको, असं कोणता मुलगा म्हणेल? पेंटरने पिवळ्या अक्षरांत, मागे तांबडी सावली देऊन, सुरेख वळणदार 'आबांचा आशीर्वाद' लिहिलं. दोन्ही बाजूंना एकेक कमळ काढलं. आणि मी चहा आणायला गेलो तेवढ्यात, शेपटावर जागा उरली म्हणून, फुकटात 'अंतर ठेवा' लिहून टाकलं.

"अरे, हे कशाला?"

"मागनं दुसरा आला म्हंजी?"

मी चहा त्याच्या हातात दिला. मग सुनंदाने हळद-कुंकू वाहिलं, पुढच्या टोकाला लिंबू-मिरची बांधली. नवं वाहन म्हटल्यावर पूजा आलीच. आबांनी नारळ हातात घेऊन बोर्डावर नेम धरला होता, तो मी हवेतच झेलला. त्या दिवशी माझ्या हातून झालेलं तेवढंच एक शहाणपणाचं काम.

शनिवारी दुपारी अनु आली. मी ओट्यावर बसलो होतो.

"पप्पा, हात का खाजवताय?"

"उकडतंय जरा."

"दोन्ही हात?"

"लई उकडतंय."

चार महिने तीच खाज सोसलेली पोरगी. ती सरळ गोठ्यात गेली. आम्ही तिघे दाराशी रांगेत उभे. तिने बोर्डावर हात फिरवला. कमळावर थांबली, अक्षरांवर थांबली. मी म्हणालो, "आबांचा आशीर्वाद आहे."

"वाचता येतं मला."

"माशी होती गं एक."

"माहितेय. मी पाहिली होती. ती हजारच्या कागदाने पाच मिनिटांत गेली असती, पप्पा."

तेव्हा मला कळलं की कागदाचे नंबर मोटरीच्या उलटे चालतात. मला वाटलं आता ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिचा आवाज अगदी बारीक झाला. "नवा थर द्यायचा तर वाळायलाच दोन दिवस जातील. आणि स्वतःच्या हाताने केलंय असं आता मी त्यांना कसं सांगू?" म्हणाली आणि लिंबू-मिरचीची दोरी सोडायला लागली. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. माझ्या पोरीला जे हवं होतं ते मी माझ्या हाताने, अगदी प्रेमाने, घासून काढलं होतं.

रविवारी पहाटे बोर्ड आमच्या जीपच्या टपावर बांधून आम्ही दोघं निघालो. पौड गेलं, मुळशी धरण गेलं, अनु खिडकीबाहेरच बघत होती. ताम्हिणीत चहाला थांबलो तर चहावाल्याने टपावर आडवं बांधलेलं ते लांबडं धूड पाहिलं, त्यावरची अक्षरं वाचली आणि हात जोडले. "आबा गेलं व्हय? लई वाईट झालं." मी म्हणालो, आबा घरी आहेत, ठणठणीत आहेत. अनुच्या ओठाचा एक कोपरा जरासा हलला. तेवढ्यावर मी पुढचा घाट उतरलो.

मास्तर उंच, सावळे, कमी बोलणारे. त्यांनी डोळे मिटून बोर्डावरून बोटं फिरवली. पुढून मागे, सावकाश. आशीर्वादावर आल्यावर बोटं थांबली.

"हे तुझ्या हातचं नाही."

अनुने मान खाली घातली. मग माझ्याने राहवलं नाही. "साहेब, ते माझं काम! तिचा काही संबंध नाही. तिने भिंतीवर लिहून ठेवलं होतं मला आत सोडू नका म्हणून. मी माशी काढायला गेलो. ऐंशी नंबरने. नेलपॉलिश बायकोचं, आशीर्वाद वडिलांचा, पण घासलं मी. बाकी सगळा बोर्ड तिचा आहे, प्रत्येक इंच. तुम्ही परत पाठवायचं तर मला पाठवा."

मास्तरांनी डोळे उघडले. "ऐंशी?"

"मला वाटलं, लहान आकडा..."

मग त्यांनी कपाटातून कापडाचा तुकडा आणि उन्हात झटपट वाळणारं रेझिन काढून अनुसमोर ठेवलं. "तुझ्या वडिलांनी केलं ते खरवडून काढ आणि पुन्हा तुझं कर. मी बघतो." मला म्हणाले, "तुम्ही बाहेर बसा. हात मांडीवर."

मी बाहेर बसलो. हात मांडीवर. खिडकीतून सगळं दिसत होतं. अनुने कमळं खरवडली, आशीर्वाद खरवडला, 'अंतर ठेवा' खरवडलं, नेलपॉलिश खरवडलं. कापडाचा गोल तुकडा बसवला, रेझिन लावलं, उन्हात ठेवलं. मग पाणी लावून घासायला लागली. आधी चारशे, मग हजार, मग दीड हजार. शेवटी पॉलिश. घाई नाही, चिडचिड नाही. आमच्या घराण्यात इतक्या शांतपणे कुणी साधा बल्बही बदललेला नाही! ही पोरगी कुणावर गेली या विचाराने मला भरून आलं आणि मी एक हात डोळ्याकडे नेला.

"मांडीवर!" आतून मास्तर.

दुपारी तीनला ती जागा इतकी चकाकली की तिच्यात खिडकी दिसत होती, खिडकीत मी दिसत होतो. मास्तरांनी पुन्हा डोळे मिटून बोटं फिरवली. या वेळी ती कुठेच थांबली नाहीत. "चांगला बोर्ड घेऊन बरेच येतात," ते म्हणाले. "वाट लागलेला बोर्ड घेऊन इतकी शांत राहणारी ही पहिली. सोमवारपासून ये." अनु बाहेर धावत आली आणि तिने मला मिठी मारली. मला वाटलं, सरळ विचारून टाकावं.

"म्हणजे मी घासलं म्हणूनच तुझं काम झालं ना?"

"पप्पा."

"नाही, आपलं विचारलं."

महिन्याने मी तिला भेटायला गेलो. सुनंदाने शेंगदाण्याचे लाडू दिले होते, आबांनी निरोप दिला होता की अजून आडवं पोहणंच बरं. कार्यशाळेच्या दारावर मास्तरांची जुनी पाटी होती. 'चपला बाहेर काढाव्यात.' तिच्याखाली माझ्या लेकीच्या अक्षरात एक नवी ओळ होती. 'वडीलही.'

मी चपला काढल्या आणि त्यांच्या शेजारी बसलो. हात मांडीवर.