गोरखच्या मशीननं धाडलेली खबर

गोरख माझ्या चुलत दिराचा थोरला. साक्षे, तुझ्या बापापरीस थोडा ल्हान. शिनोलीच्या वरच्या अंगाला आमची वाडी, तितंच त्याचं घर. बारका व्हता तवापासून कुनाचा रेडिओ, कुनाची पान्याची मोटार उघडून बसायचा. पुढं शिकला आन् पुन्याला कंपनीत लागला. काम काय, तर मोठमोठे कंप्युटर चालू हायेत का बंद पडले, ह्यावर रातपाळीला डोळा ठिवायचा. मी म्हनले, "आरं, म्हंजी गुरं राखल्यावानीच की."

तो म्हनला, "काकू, गुरं बरी. हाक मारली तर वर तरी बघत्यात."

करोनात साहेबानं सांगितलं, घरून काम कर. घरून कसं करनार? आमच्या खोलग्यात रेंज न्हाई. पोरगं लॅपटॉप घिऊन डोंगरावर जाऊन बसायचं, छत्री धरून. तिथंच त्याच्या डोक्यात आलं, आपुनच लाईन आनू. नोकरी सोडली, घोडेगावातनं इंटरनेट घेतलं आन् ह्या छपरावरनं त्या छपरावर, लाईन फेकनारं डबं बसवत वर आनलं. पलीकडच्या वाड्या डोंगराआड. दोन्ही अंगाला दिसंल असं एकच छप्पर, आमचं. म्हनून आमच्या छपरावरचा डबा मोठा. त्याच्यावर पलीकडं रेशनचं अंगठ्याचं मशीन चालतं, डेअरीचा कंप्युटर चालतो, पोरांचा अभ्यास चालतो. आमचा सोताचा फोनसुदिक त्याच्यावरच वाजतो.

डबं झालं लई आन् धावनारी मानसं दोनच, गोरख आन् पोलावर चढनारा नवनाथ. मंग गोरखनं पडवीत एक जुना कंप्युटर मांडला. त्यातलं सॉफ्टवेअर समद्या डब्यांना घडीघडी हाक मारतं, 'हाय का?' डबा म्हनतो, 'हाय.' न्हाई बोलला की ह्यांच्या फोनवर मेसेज. डेअरीच्या कंप्युटरवरबी तेच ध्यान ठिवतं.

मी इचारलं, "इकत आनलंस?"

"न्हाई काकू, मोकळं हाय ते. जगातल्या पोरांनी मिळून केलंय. कुनीबी घ्यावं, आतलं उघडून बघावं, पायजे तसं बदलावं."

"मंग त्या पोरांचं पोट कसं चालतं?"

"ते मलाबी नीट कळलं न्हाई."

मेसेज यायचं इंग्रजीत. नवनाथला त्यातलं कळंना, तो फोन करून इचारायचा, ह्यो काय म्हनतोय? मंग गोरखनं आतलं उघडलं आन् आपलं शब्द घातलं. आमच्या घराला समदी माझ्या नावानं जानकाबाईचं घर म्हनत्यात, तर डब्याचं नाव जानकाबाई. डबा तापला की 'ताप आला'. कंप्युटरमदी जागा उरली न्हाई की 'पोट फुगलं'. बंद पडला की 'गेली', चालू झाला की 'आली'. त्यात काय वाकडं न्हाई, लाईट गेली, लाईट आली, आपुन म्हनतोच की. एकदा 'डेअरीचं पोट फुगलं' असा मेसेज आला, नवनाथ दोन दिस हसत व्हता.

पन गिऱ्हाईकं सारखी फोन करायची, लाईन कवा येनार? गोरख कंटाळला. त्यानं ते मेसेज समद्या गिऱ्हाईकांच्या व्हाट्सपच्या ग्रुपला जोडून दिलं. हितं घोळ झाला.

माझी भाची संस्कृती, कुशाबादादाची लेक, नुकतीच शिनोलीच्या शाळंत मास्तरीन म्हनून आलेली. शाळंची लाईन गोरखचीच, म्हनून ती ग्रुपात. मे महिना. ती सुट्टीला माहेरी, निमगाव सावाला. आदल्या दिशी तिच्या फोनवर आलं, 'जानकाबाईला ताप आला.' आन् दुसऱ्या दिशी सकाळी, 'जानकाबाई गेली.' डब्यांना मानसांची नावं हायेत, हे तिला बिचारीला कुनी सांगितलंच नव्हतं. तिनं मला फोन लावला, लागंना. डबाच बंद, कसा लागनार? गोरख लागला न्हाई, तो गाडीवर, वायर आनाया नारायणगावला गेलेला.

मी अंगनात बाजेवर कुरडया घालत व्हते. एक जीप थांबली आन् रस्त्यावरूनच रडनं आलं. आवाज माझ्या भावजयीचा, ठकूबाईचा. "माझी ननंद सोन्याची गं! कंदी वावगा शब्द बोलली न्हाई गं!" माझ्या मनात आलं, ही कंच्या ननंदंचं बोलतीया? हिला तर मी एकटीच. हात चिकानं भरलेलं, तशीच उठले.

"कोन गेलं गं वयनी?"

ठकूबाई मटकन खाली बसली. मागं संस्कृती आन् दादा, त्याच्या खांद्यावर हिरवं लुगडं. मालक जित्ता असताना बाई गेली की माहेरचं हिरवं लुगडं लागतं, ते त्यानं वाटंत घेतलेलं. मला बघितलं आन् तो रडाया लागला. मंग रडायचं थांबून शिव्या द्याया लागला.

संस्कृतीनं मेसेज दाखवला. तेवढ्यात गोरखची मोटारसायकल आली. त्यालाबी तोच मेसेज आलेला ना! त्यानं कुनाकडं बघितलं न्हाई, नीट भिताडावरच्या बोर्डाकडं गेला.

"काकू, आपली पिन कुनी काढली?"

पिन काढून तितं फवारनीच्या पंपाची बॅटरी चार्जिंगला लावलेली. काम आमच्या मालकांचं. रडनं आयकून तेबी रानातनं पळत आलं, आन् बोर्डाकडं बघून बॅटरी काढाया लागलं.

मंग गोरखनं सांगितलं, गेली ती छपरावरच्या डब्याची लाईन, काकू न्हाई. दादानं त्याचा दंड धरला. "तूच का रं तो? माझ्या जित्त्या बहिनीला मारतोस? आत्ताच्या आत्ता छपरावरचं ते डबडं खाली घे. न्हाईतर जानके, मी ह्या उंबऱ्याला पुन्ना येनार न्हाई."

गोरखचा चेहरा उतरला. "मामा, चुकलं माझं. पन हा डबा काढला की डोंगराआडच्या समद्या वाड्या गेल्या."

ठकूबाई वरडली, "बघा, पुन्ना गेल्या म्हनतोय!"

मला हसू आलं, पन दादाचं तोंड बघून गिळलं. डबा काढला तर गोरखची निम्मी लाईन बुडनार, पोरगं परत पुन्याच्या रातपाळीला जानार. न्हाई काढला तर माझं माहेर बंद. दादा बोलतो तसं करतो.

मी म्हनले, "दादा, खोटी खबर आली की मानसाचं आयुष्य वाढतं. डब्यानं काय केलं? शब्द वंगाळ हाय. गोरख, तू शब्द बदल."

दादा म्हनला, "आता ह्यो कंपनीला इचारनार, कंपनी ह्याला सांगनार..."

"कंपनीच न्हाई मामा," गोरख म्हनला. "पिन लावतो, हितंच बदलतो."

"माझ्या म्होरं बदल."

गोरख वट्यावर लॅपटॉप घिऊन बसला. आता शब्द कंचा? संस्कृती म्हनली, "बंद पडली घाला." ठकूबाई म्हनली, "काय बंद पडलं, काळीज?" मालक म्हनलं, "झोपली घाल." मी म्हनले, "भर दुपारी? लोक आळशी म्हनतील." शेवटी ठकूबाईच म्हनली, "रुसली घाला. रुसलेली ननंद मी लई बघितलीया."

गोरखनं घातलं. तापाचंबी काढून 'चटका बसला' केलं. दादाला त्याच्यावर इस्वास न्हाई. उठून सोताच्या हातानं पिन काढली. संस्कृती फोन घिऊन वरच्या वळनावर गेली, तितं जरा रेंज लागती. आमी समदी अंगनात, कान वळनाकडं. मंग तितनंच ती वरडली, "आत्या रुसलीऽऽ!"

दादा पहिल्यांदा हसला. पिन परत लावली त्यानंच. लुगडं घोड नदीत सोडून येतो म्हनला. मी हिसकून घेतलं. "चांगलं काठाचं हाय, मी नेसते." ठकूबाई "वन्सं, वन्सं" करत ऱ्हायली. मी तेच नेसून त्यांना जेवाया वाढलं.

गोरखनं मालकांच्या पंपाला दुसरा बोर्ड बसवून दिला. आपलं शब्द त्यानं त्या सॉफ्टवेअरच्या पोरांकडंबी धाडून दिलं, म्हनला, मोकळं घेतलं तर मोकळं द्यावं.

दादानं जाताना गोरखकडनं आपलं नाव ग्रुपात घालून घेतलं. आता लाईन गेली की निमगावातनं त्याचा गोरखला फोन. "भाऊ, बहीन रुसली, बघ जाऊन."

गोरख म्हनतो, "मामा, निघालोय. वाटंतच हाय."