घासलेलं पितळ

कुणाचं काही मोडलेलं दिसलं की चंद्रहासचे हात शिवशिवायचे. इथे परदेशात, डँडेनॉन्गच्या कारखान्यात दिवसभर फिटरचं काम करूनही त्याची हौस फिटत नसे. म्हणून शेजारच्या रॉनने कुंपणावरून सहज सांगितलं, की त्याच्या आजोबांच्या, म्हणजे पॉपच्या, रायफलचा एक स्क्रू हरवलाय, तेव्हाच मयूराने ओळखलं, आता नवऱ्याचे शनिवार गेले.

रायफल पहिल्या महायुद्धातली, इथल्याच लिथगोच्या कारखान्यात घडलेली. ती रॉनच्या तिजोरीतच असे. "तुझ्याकडे लायसन्स नाही, मेट. तिला हात लावायचा नाही," असं बजावून त्याने लाकडी दस्त्याच्या टोकाची पितळी पट्टी तेवढी काढून रुमालात बांधून दिली. म्हाताऱ्या रॉनची नजर अधू झाली होती. देताना त्याचा अंगठा पट्टीवर जरा रेंगाळला. चंद्रहासला ते दिसलं, पण त्याने विचारलं नाही.

स्क्रू मिळेना. हार्डवेअरच्या दुकानातल्या एकाचं डोकं पट्टीच्या खळगीतून वर राही, दुसऱ्याचं आत डुगडुगे. शेवटी जुने सुटे भाग विकणाऱ्या एका माणसाने फोटो मागितला. चंद्रहासने शेजारी फुटपट्टी ठेवून फोटो काढला, पाठवला. उत्तर आलं: अशाच रायफली बंगालमध्ये इशापूरलाही बनत, तिथला स्क्रू आहे, बसेल. "आपल्याकडचा स्क्रू ह्यांच्या बंदुकीला!" असं चंद्रहास कारखान्यात भेटेल त्याला सांगत सुटला.

स्क्रू यायच्या आधी खंडेनवमी आली. गॅरेजमध्ये चादर अंथरून त्याने ड्रिल, पाने, व्हर्नियर मांडले. मयूराने आपला लॅपटॉप ठेवला आणि फॉस्टर स्ट्रीटवरच्या भारतीय दुकानातून आणलेला झेंडू. मग ती पट्टी हाती आली. शस्त्राचाच तुकडा, आज खरा मान त्याचा. पण काळपट पडलेला. चंद्रहासने आधी चिंच-मीठ लावलं, मग झीरो नंबरचा पॉलिशपेपर घेतला.

"अरे, दुसऱ्याची वस्तू आहे ती," मयूरा म्हणाली. "किती घासशील?"

"अशी मळकी ठेवतात का पूजेत? रॉन खूश होईल बघ."

पट्टी समईसारखी लखलखली. त्याने तिला हळदकुंकू वाहिलं, फूल वाहिलं, हात जोडले.

स्क्रू आला तो पुढच्या आठवड्यात. तोच मागवला होता ना, हे पडताळायला चंद्रहासने फोनवरचा फोटो मोठा केला. खळगीच्या खाली, काळ्या पितळेत, वाकडी अक्षरं होती. खिळ्याने कोरल्यासारखी. नेल. एका बाईचं नाव.

तो पट्टी घेऊन खिडकीपाशी गेला. उजेडात तिरकी धरली, उलटी धरली. पट्टीत त्याला स्वतःचाच चेहरा दिसला.

मयूराने फोटो पाहिला, पट्टी पाहिली. मग हळूच म्हणाली, "त्याला नीट दिसत नाही ना रे?"

"नाही."

"आणि तू करशीलच. हुबेहूब करशील."

हे तिने सुचवलं की टोमणा मारला, ते त्याला कळलं नाही. त्याने खुणा करायची अणकुचीदार सळई काढली, फोटो समोर टेकवला आणि पहिल्या अक्षराची उभी रेघ ओढली. रेघ सरळ आली. इतक्या वर्षांचा हात, दुसरी कशी येणार? फोटोतली रेघ मधेच थरथरून पुन्हा सावरली होती. कुठल्या खंदकात, कुठल्या थंडीत, कोण जाणे. चंद्रहासला आपल्याच हाताची शिसारी आली. त्याने सळई खाली ठेवली.

रॉनच्या स्वयंपाकघरात त्याने रुमाल सोडला. काय बोलायचं ते येताना घोकलं होतं, पण त्याआधीच रॉनचा अंगठा पट्टीवर फिरला. एकदा. मग परत. मग एका जागी थांबला.

"सॉरी, रॉन. आमची पूजा होती. त्या दिवशी हत्यारं स्वच्छ करून..." पुढे त्याला इंग्रजी सुचेना. त्याने फोन पुढे केला. "फोटो आहे. आधीचा."

रॉनने फोन घेतला नाही. "ही रेघ कुणाची?"

"माझी. मी पुन्हा लिहायला बसलो होतो. तुला कळणार नाही, असं वाटलं."

"पॉप इतका सरळ लिहीत नव्हता," रॉन म्हणाला. "नेल तशी मला दिसत नव्हतीच रे. हाताला लागायची."

तो उठला, आतून तिजोरी उघडल्याचा आवाज आला. चंद्रहास दाराबाहेरच उभा राहिला. रॉनने मागे हात केला तेव्हा त्याने आधी पट्टी दिली, मग स्क्रू, मग स्क्रूड्रायव्हर. स्क्रू फिरत गेला आणि डोकं खळगीत अलगद बसलं.

"चपखल," रॉन म्हणाला. "नो वरीज, मेट."

चंद्रहासला वाटलं, शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"ती रेघ काढून टाकू?" त्याने विचारलं.

"नको," रॉन म्हणाला. त्याचा अंगठा अजून तिथेच होता. "आता घासू नकोस काही."