सायलीच्या बाबांची खातरजमा

सबंध मस्कतमध्ये थर्मामीटरवरसुद्धा संशय घेणारा एकच माणूस राहत होता आणि तो नेमका आमच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर राहत होता. वादी कबीर भागातल्या त्या इमारतीत सगळे त्यांना ‘सायलीचे बाबा’ म्हणत. मूळचे गुहागरकडचे, एसी दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये फोरमन. सायलीला ताप आला की ते तीन थर्मामीटर लावायचे आणि तिन्हींचं एकमत झालं, तर तिन्ही एकाच कंपनीचे असणार म्हणून चौथा आणायला निघायचे. खाबुरा गावाकडची कलिंगडं घेऊन टेम्पो आला की विक्रेत्याने निवडून दिलेलं कलिंगड सोडून बाकी सगळी वाजवून बघत आणि मला सांगत, “तो स्वतःहून देतोय म्हणजे त्यालाच ते नको असणार, वहिनी!” सायली पहिल्यांदा शाळेत जायला लागली तेव्हा तर सहा महिने रोज ते स्कूलबसच्या मागे स्वतःची गाडी घेऊन जात. बसच्या ड्रायव्हरला ते इतके ओळखीचे झाले की तो आरशात बघून हात करी. मग यांना नवीनच शंका, “हा माणूस मला हात का करतो?”

अशा माणसाच्या मुलीला अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठाचं पत्र आलं. सायली तेव्हा बारावीत. तिथे राज्याबाहेरून येणाऱ्या मुलांना दुपटी-तिपटीने फी असते. पण सायलीला गुणवत्तेवर शिष्यवृत्ती मिळाली होती, आणि चारही वर्षं तिच्याकडून फक्त तिथल्या रहिवाशांइतकीच फी घेणार होते. होकार कळवायला महिनाअखेरपर्यंत मुदत. सायली आनंदाने आमच्याकडे धावत आली. मागून बाबा आले ते पत्राची प्रिंट उजेडाकडे धरून बघत.

“वहिनी, ह्यात लिहिलंय की ते हिला तिथलीच समजणार. का समजणार? मी वीस वर्षं मस्कतात आहे, मला इथे कुणी इथलाच समजलं नाही. आणि हे लोक न बघता समजणार?”

“भावोजी, मार्कांवर दिलीय,” मी म्हटलं.

“तोच तर संशय आहे. एवढे मार्क इथल्या पन्नास मुलांना असतील.”

पुढचे तीन आठवडे त्यांनी त्या पत्राची दुरुस्तीला आलेल्या एसीसारखी तपासणी केली. सहीखालचं नाव खरं आहे का, विद्यापीठाच्या इमारतीचा फोटो दोन ठिकाणी सारखाच कसा, दरवर्षी अमुक इतके गुण टिकवण्याची अट का घातली. रुवी भागातल्या एका ॲडमिशन एजंटला विचारलं, तो म्हणाला, “एकदम जेन्युइन है, इन्शाल्ला काम हो जाएगा.” त्याने खात्री दिली म्हणून यांची उरलीसुरली खात्रीही गेली. इकडे मुदत संपत आली. सायलीने घरात बोलणं बंद केलं. एकदा जिन्यात मला रडवेली होऊन म्हणाली, “काकी, बाबांना प्लीज सांगा ना. इट्स रियल. ते माझं… माझं काय म्हणतात, चान्स, तो घालवणार.”

शेवटी मुदतीच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी, तिथलं ऑफिस उघडायच्या वेळेला ते सायलीला घेऊन आमच्या लँडलाइनवरून फोन करायला आले. त्यांचा नंबर भामट्यांना मिळायला नको. आमचा मिळाला तर चालणार होता. पत्रावरचा नंबरही नको, कारण तो चोरांचाच असणार. त्यांनी दुसरीकडून मिळवलेला विद्यापीठाचा मुख्य नंबर लावला. शिष्यवृत्तीच्या ऑफिसातली एक बाई बोलू लागली. यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “मॅडम, तुमच्याकडे बाहेर आत्ता हवा कशी आहे?” बाई म्हणाली, बर्फ पडतंय. सायलीसमोर लॅपटॉप उघडा होता, त्यावरच्या हवामानाच्या पानावर तिथे ऊन दाखवत होतं. यांनी रिसीव्हरवर हात ठेवला, डोळे चमकले. “पकडली! एप्रिलात कसलं बर्फ!” सायलीने दात ओठ खात पान पुन्हा उघडलं. बर्फ.

मग त्यांनी खरा प्रश्न विचारला. माझ्याच मुलीला का? बाईने थांबायला सांगितलं, कागद काढले आणि सावकाश वाचून दाखवलं. मार्क तर होतेच. पण तिच्या शिक्षिकेने लिहिलं होतं की ही मुलगी कुणाचंही उत्तर स्वतः तपासल्याशिवाय मान्य करत नाही, पुस्तकातलंसुद्धा नाही.

“थँक यू, मॅडम,” एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला. सायली त्यांच्याकडे बघत होती.

“खरं निघालं,” ते म्हणाले. कुणी गेल्याची बातमी सांगावी तशा आवाजात.

“मग होकार कळवा ना, भावोजी!”

“कळवतो. खोटं निघालं असतं तर चार शिव्या घालून मोकळा झालो असतो, वहिनी. आता हिला पाठवावं लागणार.” मग सायलीकडे वळून म्हणाले, “यल्ला, चल, दाब तुझं ते होकाराचं बटण.” तिने बटण दाबलं आणि कितीतरी दिवसांनी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं.

ऑगस्टमध्ये ती गेली. विमानतळावर त्यांनी तिच्या बॅगेचं कुलूप सात वेळा ओढून पाहिलं.

त्या हिवाळ्यात एका शुक्रवारी ते खाली चहाला आले होते. नुकताच तिचा फोन होऊन गेला होता. मी विचारलं, “कशी आहे सायली?”

“मजेत आहे म्हणते. थंडी सोसते म्हणते. जेवणही आवडतं म्हणते.”

इतक्या वर्षांच्या शेजाराने मलाही गुण लागलेला. “खरं का हो, भावोजी?”

त्यांनी हातातल्या फोनची काच रुमालाने पुसली, तो खिशात ठेवला.

“तेवढं मी तपासत नाही, वहिनी,” ते म्हणाले.