साबणाचा वास

उस्मानपुऱ्यातल्या दवाखान्यात शस्त्रक्रियेपूर्वी परिचारिका साबण लावून पत्नीच्या हातातली पाटली काढत होती. त्या वासाने मला तीस वर्षांपूर्वीच्या कोर्टात नेले.

देवगाव रंगारीच्या एका विधवेने जमिनीच्या हिश्श्यासाठी दिरांवर दावा केला होता आणि गरिबीमुळे कोर्ट फी माफ करण्याचा अर्ज दिला होता. मी दिरांचा वकील.

"हातातले चांदीचे कडे अर्जातल्या मालमत्तेच्या यादीत का लिहिले नाही?" मी विचारले.

"निघतच नाय सायेब. लग्नापासून हातात हाय."

मी हसून शिपायाला साबण आणायला सांगितले. मनगट लाल झाले, कडे निघाले नाही. पुढच्या तारखेला ती आलीच नाही. अर्ज फेटाळला गेला, फी भरता न आल्याने दावा बुडाला, जमीन दिरांकडेच राहिली आणि वकिलांच्या खोलीत माझे कौतुक झाले.

परिचारिकेने हात थांबवला. "राहू द्या काका, पाटलीवरून चिकटपट्टी लावते. त्यांना दुखतंय."

मला त्या दिवशी एवढेही म्हणता आले नव्हते.