घोडा का बसला

निवृत्तीनंतरच्या तीन वर्षांत सागिनबेकने सत्तरेक घोडे तपासले, आणि त्यातला एकही खरा नव्हता. सगळे संगणकाच्या पडद्यावरचे. त्याआधी चाळीस वर्षं तो किर्गिझस्तानातल्या काराकोलच्या आसपासच्या गावांत हाडामांसाच्या घोड्यांचा डॉक्टर होता. नोकरीच्या शेवटच्या वर्षी एका घोडीने मांडीवर अशी लाथ घातली की स्वारी चार महिने खाटेला खिळली. कंटाळ्यावर उतारा म्हणून मुलाने आपला जुना संगणक खोलीत आणून ठेवला, दोन-चार गेम घालून दिले आणि म्हणाला, "बघा, वेळ जाईल." पाय बरा झाला, पण म्हातारा काही खुर्चीतून उठेना.

जिंकण्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. असं केलं तर काय होतं, एवढंच त्याला बघायचं असे. राजाच्या महालात शिरला की सिंहासन सोडून तो तबेला हुडकायचा. घोड्याचे दात बघता येतात का, नाल निखळतो का, मुक्कामाला खोगीर उतरवता येतं का, सगळं करून बघायचा. मागे शत्रू लागलेला असो की आकाश फाटलेलं असो, दौडत दौडत नदीवर आला की घोड्याला लगेच पाणी पाजायचा नाही. घामेजलेल्या घोड्याला गार पाणी म्हणजे विषच. घोडा पडद्यावर तसाच उभा करून तो सुनेला हाक मारी, चहाचे दोन पेले सावकाश रिचवी आणि मगच त्याला पाण्याकडे नेई. त्या चित्रातल्या घोड्याला ना तहान ना घाम, पण याचा नेम सहसा चुकत नसे.

"म्हाताऱ्याला चळ लागलाय," त्याची बायको कालिपा शेजारणींना सांगे. "माझ्या गुडघ्याची इतकी काळजी घेतली असती तर मी आज नाचले असते."

वर्षभर खेळलेल्या खेळांचा न्याय तो एका जुन्या वहीत करायचा. डाव्या पानावर 'पुन्हा बोलवीन', उजव्या पानावर 'दारातूनच वाटेला लावीन'. एकतीस डिसेंबरला दुपारी पाहुणे जमले, की जेवणाआधी वही मोठ्याने वाचली जाई. तिथे खोटं चालत नसे. दोन वर्षांपूर्वी त्याचा मित्र तोक्तोसून याने हौसेने आणून दिलेला फुटबॉलचा गेम उजव्या पानावर गेला, तर तोक्तोसून महिनाभर चहाला फिरकला नव्हता.

यंदा त्याच वहीत घरातलं माणूस येऊन बसलं होतं. सून बेगिमाय हिने आणि तिच्या तीन मित्रांनी दोन वर्षं खपून एक गेम बनवला होता, 'खिंडीपल्याड'. एका मुलीने थंडीत घोड्यावरून खिंड ओलांडायची आणि पलीकडे तळ ठोकून राहिलेल्या आजोबांना पाच दिवसांत औषध पोचवायचं, एवढीच गोष्ट. त्यातला घोडा सगळाच्या सगळा बेगिमायने केलेला. पोरगी बिश्केकची, नवव्या मजल्यावर वाढलेली. लग्न होऊन इथे येईपर्यंत तिने घोडा पाहिला असेल तो गाडीच्या काचेतून. नोव्हेंबरात गेम बाहेर पडला. कसा वाटला, हे सुनेने सासऱ्याला तोंडावर विचारायचं नसतं आणि सासऱ्याने सुनेच्या कामाची चिरफाड तिच्यासमोर करायची नसते. त्यामुळे जो काही निकाल लागायचा तो वहीतूनच, आणि हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बेगिमाय दारात चहा ठेवी आणि पडद्याकडे न बघता परत फिरे.

गेम आला त्याच दिवशी सागिनबेक बसला. खरं सांगायचं तर त्याला घाई झाली होती. झटपट शेवट गाठायचा आणि डाव्या पानावर झोकात नाव लिहायचं, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. पहिल्याच दिवशी नदी लागली तेव्हा तो थांबलासुद्धा नाही. नवव्या मजल्यावरच्या पोरीला यातलं काय कळणार, म्हणत त्याने घोड्याला सरळ पाणी पाजलं. तिसऱ्या दिवशी खिंडीच्या पायथ्याशी घोडा लंगडला आणि बसला. उठेचना. खेळ तिथेच खलास.

त्याने पुन्हा सुरू केलं. नदीवर तसंच पाजून पुढे दुसऱ्या वाटेने गेला, ओझं कमी केलं, नाल तपासले. पाच वेळा खेळला आणि पाचही वेळा घोडा त्याच जागी बसला. सहाव्यांदा खेळायला त्याचं मन होईना.

एकतीस तारखेच्या सकाळी कालिपाने त्याला गाठलं. "लिही की डावीकडे. तुझ्या बापाचं काय जातंय?"

"घोडा विनाकारण बसतो तिचा."

"बसू दे. पोरीचे डोळे बघितलेस का? दोन महिने तुझ्या वहीकडे बघतेय ती."

"चाळीस वर्षांत आजारी घोड्याला मी धडधाकट म्हटलं नाही. ओळखीतल्यांच्या घोड्यालाही नाही," सागिनबेक म्हणाला. त्याने पेन उचललं आणि उजव्या पानावर लिहिलं. लिहिताना त्याला फार वाईट वाटलं. नंतर किती तरी वेळ तो संत्र्यांची साल काढत बसला, आणि खाल्लं मात्र एकही नाही.

दुपारी तोक्तोसून आला, दोन चुलत नातेवाईक आले, मुलगा आला. टेबलावर तळलेले बोर्सोक, सॅलडं आणि अश्ल्यानफूच्या गार, तिखट शेवयांचे वाडगे मांडले होते. बेगिमाय किटली घेऊन उंबऱ्यापाशी बसली. सागिनबेकने चष्मा चढवला.

"पुन्हा बोलवीन," त्याने वाचायला सुरुवात केली. "बर्फातल्या ट्रकवाल्याचा गेम. गाडी रुतली की खरोखर तासभर रुतते, आणि पुढचा ट्रकवाला थांबून दोर देतो. मन भरलं. पोस्टमनचा छोटा गेम. पुढे काय होतं ते सांगत नाही, पण दुसऱ्याचं पत्र फोडलं तर त्या गावात तुम्हाला कुणी जेवायला वाढत नाही. मी फोडून बघितलं."

"आणि उपाशी राहिलास," तोक्तोसून म्हणाला.

"तीन दिवस. आता वाटेला लावलेले. तो अजस्र गेम, ज्याची वर्षभर दवंडी पिटत होते. घोडा शिट्टी मारली की जमिनीतून उगवतो, कड्यावरून पडतो आणि उठून पळतो. त्याला घोडा म्हणायचं तर माझ्या चपलेला पण म्हणा. शेतीचा गेम. गाय रोज दूध देते आणि तिला वासरू कधीच नाही. मी वासराची वाट बघत चार महिने घालवले." पाहुणे हसले. सागिनबेक थांबला, पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाला, "आणि एक. खिंडीपल्याड."

कोणी हसलं नाही. बेगिमायने किटली खाली ठेवली आणि हात मांडीवर घेतले.

"डोंगर सुरेख. बर्फ सुरेख. मुलगी घोड्याशी बोलते ते तर फारच सुरेख," तो वहीतच बघत राहिला. "पण तिसऱ्या दिवशी घोडा बसतो आणि त्याचं कारण सापडत नाही. कारणाशिवाय घोडा बसत नाही. म्हणून."

"साके, तू डॉक्टर ना?" वातावरण हलकं करायला तोक्तोसून म्हणाला. "काय होतं त्याला? आम्हाला काय, गाडीचं टायर बसलेलं कळतं."

"होतं काय, तर पुढचे पाय पुढे टाकून उभा राहतो. वजन सगळं मागच्या पायांवर घेतो," सागिनबेक सवयीने सांगू लागला. "चालताना दगडावर पाय टाकायला भितो. दम लागतो. रात्री बर्फात उभा केला, तर सकाळी पुढच्या दोन खुरांभोवतीचा बर्फ तेवढा वितळलेला. मागच्या खुरांभोवती नाही, फक्त पुढच्या…"

त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"काय रे?" कालिपाने विचारलं.

"खुरं तापलीत त्याची," सागिनबेक हळूच म्हणाला. "गार पाणी पाजलंय. गरम घोड्याला. पहिल्या दिवशी, नदीवर. मीच पाजलं."

कॉलेजातून नुकतं बाहेर पडलेलं पोरही हे दारातून बघून सांगेल. त्याने स्वतः असे शंभर घोडे पाहिले होते, मालकांना फैलावर घेतलं होतं. आणि इथे पाच वेळा त्याने नाल बघितले, ओझं बघितलं, खिंड बघितली, पण खुराला काही हात लावला नाही. पोरीला कळत नसणार हे त्याने आधीच ठरवून टाकलं होतं ना. त्याच्या कानशिलांपर्यंत लाली चढली. पाहुण्यांसमोर इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

त्याने पेन मागितलं. उजव्या पानावरचं 'खिंडीपल्याड' खोडलं आणि त्याच जागी लिहिलं: 'सागिनबेक, घोड्यांचा डॉक्टर'. लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवलं, कारण वही मोठ्यानेच वाचायची असते. मग काठी टेकत उठला.

"जेवण?" कालिपा म्हणाली.

"घोडा आधी."

सगळे त्याच्यामागोमाग खोलीत गेले. गेम सुरू झाला. बर्फाळ उतारावरून दौडत मुलगी नदीपाशी आली. सागिनबेकने घोडा काठावर उभा केला आणि हात मागे घेतले. घोड्याच्या अंगातून वाफा निघत होत्या. त्याने एकदा पाण्याकडे मान वळवली, नंतर शांत उभा राहिला. तीन वर्षांत पहिल्यांदाच एखाद्या खेळात घोड्याची वाफ हळूहळू कमी होत असलेली सागिनबेकला दिसली.

"किती वेळ उभं करायचं याला?" तोक्तोसूनने विचारलं. "अश्ल्यानफू पडलंय तिकडे."

सागिनबेकने मान वळवली आणि दारात उभ्या असलेल्या सुनेकडे बघितलं. लग्न झाल्यापासून तिने पाहुण्यांदेखत सासऱ्यापुढे तोंड उघडलं नव्हतं, साधी 'आताके', म्हणजे बाबा, अशी हाकही मारली नव्हती.

बेगिमाय आत आली. रिवाजाप्रमाणे अर्धाच भरलेला पेला त्याच्या हातात दिला आणि किटली बाजूला ठेवली.

"दोन पेले, आताके," ती म्हणाली. "मीच तर भरते."